काचेच्या बरण्या रोबोच्या हाती देताना: पकड, वेग आणि चाचणी यांचं सविस्तर मार्गदर्शन

जॅम, मध, मुरांबा किंवा लोणचं काचेच्या बरणीत भरणाऱ्या कारखान्यात रोबो घ्यायचं ठरलं की तो बहुधा लाइनच्या शेवटी बसतो. झाकण लागलेली बरणी उचलायची आणि खोक्याच्या खणात ठेवायची, एवढंच काम. मग कोटेशनं मागवली जातात आणि चर्चा सुरू होते ती रोबोची कंपनी, पेलोड (तो किती वजन उचलतो) आणि पोहोच यांवर. माझ्या मते ही सुरुवात चुकीच्या टोकाने होते. नाजूक माल फुटतो तो पकडताना, टेकवताना आणि सोडताना. या तीन क्षणांचा हिशोब आधी मांडला, तर रोबो कुठला घ्यायचा हे ठरवणं फारसं अवघड राहत नाही. म्हणून पुढचा क्रमही तसाच ठेवला आहे. मुख्य उदाहरण भरलेल्या बरणीचं घेतलंय. बिस्किटं आणि अंडी यांचे नियम जिथे वेगळे पडतात, तिथे त्यांचाही उल्लेख येईल.

आधी शोधा: सध्या फुटतंय कुठे?

काच दाबाला भक्कम असते आणि ताणाला कच्ची. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ताण आला की तडा तिथूनच सुरू होतो. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये हे गणिताने मांडलं. कारखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की बरणीला इजा एका जागी होते आणि ती फुटते भलत्याच जागी. रिकाम्या बरण्या लाइनवर उतरवताना एकमेकींवर घासल्या, खांद्याला ओरखडा पडला, आणि बरणी फुटली ती झाकण आवळताना. रोबो बसवल्यावर अशी बरणी त्याच्या हातात फुटली, तर दोष रोबोच्या माथी येतो आणि खरं दुखणं तसंच राहतं.

म्हणून रोबो यायच्या आधी काही आठवडे प्रत्येक स्टेशनवरची तुटफूट वेगळी लिहून ठेवा. तुकडे लगेच टाकून देऊ नका. तडे एका बिंदूपासून पसरत जातात, तो बिंदू सापडतो का पाहा. खांदा आणि तळाजवळची कड या दोन जागा आधी तपासा, कारण शेजारशेजारच्या बरण्या तिथेच एकमेकींना टेकतात. अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्च तिरका धरला की घासल्याचा पट्टा स्पष्ट दिसतो. तो दिसला तर आधी कन्व्हेयरचे गाइड आणि बरण्यांची दाटी दुरुस्त करा. हे काम रोबोपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

पॅकिंगवरचे हात बघा

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. पॅकिंगला बसणाऱ्या ताईंची परवानगी घेऊन मोबाइलच्या स्लो मोशनवर त्यांच्या हातांचं चित्रीकरण करा आणि नंतर त्यांनाच शेजारी बसवून ते बघा.

दिसतं ते असं. अंगठा आणि दोन बोटं झाकणाच्या खाली मानेवर बसतात. बरणी किंचित तिरकी होते, तळाची एक कड खणाच्या पुठ्ठ्याला टेकते आणि बरणी त्या पुठ्ठ्यावरून घसरत खाली जाते. तळ टेकल्याचं बोटांना कळल्यावरच पकड सुटते. वरून टाकणं नाही, आपटणं नाही. शिवाय उचलतानाच बोट झाकणाच्या मधल्या बटणावरून फिरतं. बटण दबलेलं असेल तर आत निर्वात आहे. ते वर आलेलं असेल तर ती बरणी बाजूला जाते. कडेला पाक ओघळला असेल तर तळहाताला चिकट लागतं आणि ती बरणीही बाजूला जाते. लेबल तिरकं असेल तर ते त्याच नजरेत दिसतं.

यातलं एकही काम तुमच्या प्रोसेस शीटवर लिहिलेलं नसतं. रोबो आला की ही सगळी तपासणी न सांगता बंद पडते. म्हणून हात करत असलेल्या प्रत्येक तपासणीची यादी करा आणि तिच्यासमोर ती आता कोण करणार ते लिहा: बटणासाठी झाकणाची उंची मोजणारा सेन्सर, लेबलसाठी कॅमेरा, ओघळासाठी रोबोच्या आधी बसवलेला माणूस. एखादी ओळ रिकामी राहिली, तर ऑर्डर देण्याआधी तिचा निकाल लावा.

मोजमाप

बरणीचं वजन, व्यास आणि उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. वेगवेगळ्या लॉटमधल्या भरलेल्या बरण्या उचला आणि मोजा. सरासरीपेक्षा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी बरणी किती, हे महत्त्वाचं. पकड या दोघींवर चालली पाहिजे.

मग घर्षण. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ग्रिपरच्या, म्हणजे रोबोच्या पंजाच्या, बोटांवर जे रबर लावणार, त्याची पट्टी फळीवर चिकटवा. घरंगळू नये म्हणून बरणी उताराच्या दिशेने तोंड करून आडवी ठेवा आणि फळी हळूहळू उचला. बरणी घसरायला लागते त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. २२ अंशांवर घसरली तर ०.४, साडेआठ अंशांवर घसरली तर ०.१५. ही चाचणी कोरड्या बरणीवर, ओल्या बरणीवर आणि पाकाचा हात लागलेल्या बरणीवर वेगवेगळी करा. नव्या बरण्यांवर बऱ्याचदा पॉलिइथिलीनचा पातळ लेप असतो. काच काचेवर घासू नये म्हणून उत्पादक तो मुद्दाम देतात, पण त्यानेच बरणी हातातूनही जास्त निसटते. पुरवठादार बदलला की चाचणी पुन्हा करायची.

बरणी गरम भरत असाल तर पॅकिंगला येताना तिचं तापमान किती असतं, तेही नोंदवा. साध्या काचेला तापमानातला अचानक फरक सोसत नाही. गरम बरणी थंड, ओल्या स्टीलवर ठेवली तर पकड कितीही मऊ असो, तळाला तडा जाऊ शकतो.

पकडीचा हिशोब

समजा भरलेली बरणी ७५० ग्रॅमची आहे आणि रोबो तिला ५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने वर नेतो. गुरुत्वाकर्षणाचे ९.८ धरून एकूण १४.८. याला ०.७५ ने गुणलं की ११.१ न्यूटन. दोन बोटं आणि घर्षणांक ०.४ असेल तर प्रत्येक बोटाला सुमारे १४ न्यूटन दाब द्यावा लागतो. दुप्पट सुरक्षितता धरली की २८. हाच घर्षणांक ओलसरपणामुळे ०.१५ वर आला, तर हाच आकडा ७४ न्यूटन होतो.

इथेच बहुतेकांचा ओढा दाब वाढवण्याकडे जातो. तसं करू नका. आधी बरणी कोरडी करा. पाश्चरायझरनंतर एअर नाइफ (हवेच्या पातळ, जोरदार झोताने पाणी उडवणारं साधन) लावा आणि पॅडचं रबर बदलून पाहा. घर्षण वाढवून मिळवलेली पकड काचेवर काही लादत नाही, दाबाने मिळवलेली पकड लादते. आणि दाब द्यावाच लागला तर तो पसरवा. काचेला दोन रेषांवर टेकणारी सपाट बोटं घेऊ नका, बरणीच्या गोलाईची रुंद पॅडं लावा. धातूचा काचेला थेट स्पर्श कुठेही होता कामा नये, पॅड धरणाऱ्या स्क्रूच्या डोक्याचासुद्धा.

पण बरण्यांसाठी माझी पहिली पसंती बोटांना नाहीच. बरण्या कन्व्हेयरवर एकमेकींना चिकटून येतात आणि खोक्याच्या खणात बोटं उघडायला जागा नसते. झाकणावरून व्हॅक्यूम कपने (हवा ओढून चिकटणाऱ्या रबरी वाटीने) उचलणं हा जास्त सरळ मार्ग. ४० मिमी व्यासाच्या कपचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. ४० किलोपास्कल निर्वातात तो ५० न्यूटन ओढ देतो आणि आपल्याला दुपटीने धरून हव्यात २२. बाजूला जोरात वळवायचं असेल तर हे गुणोत्तर चौपटीपर्यंत न्यावं लागतं. म्हणजे ४४ न्यूटन, ५० च्या अगदी जवळ. थोडी मोकळीक हवी तर मोठा कप किंवा कमी वेग, दोन्हींतलं एक.

कपमधला निर्वात विनाकारण वाढवण्यात धोका आहे. झाकणाचं बटण आतल्या निर्वातामुळे दबलेलं असतं. कपमधला निर्वात त्याहून जास्त झाला तर बटण वर ओढलं जाऊ शकतं आणि चांगली बरणी उघडल्यासारखी दिसते. म्हणून कप मोठा आणि निर्वात कमी ठेवा, आणि चाचणीत प्रत्येक बरणीचं बटण उचलल्यानंतर तपासा.

एका इजेक्टरवर (दाबाच्या हवेच्या झोतातून निर्वात तयार करणाऱ्या साधनावर) चार कप लावले आणि एक गळला, की चारही सैल पडतात. प्रत्येक कपला वेगळा इजेक्टर आणि वेगळा व्हॅक्यूम स्विच द्या, म्हणजे ठरलेला निर्वात आल्याशिवाय रोबो वर उठणार नाही. हवा गेली किंवा वीज गेली तरी बरणी खाली पडू नये, यासाठी चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवा. बोटांचा ग्रिपर असेल तर डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह घ्या. वीज गेल्यावरही तो होता त्याच स्थितीत राहतो.

बिस्किटं, अंडी आणि पातळ पत्रे

बिस्कीट सच्छिद्र असतं. त्यातून हवा झिरपत राहते, त्यामुळे जोराचा निर्वात कपमध्ये टिकत नाही आणि टिकला तर वरचा थर उचकटतो. तिथे ब्लोअरचा हलका निर्वात पण भरपूर प्रवाह लागतो, आणि ओढला गेलेला भुगा अडवणारा फिल्टरही. तो फिल्टर प्रत्येक शिफ्टला साफ करावा लागतो. नाहीतर दुपारनंतर बिस्किटं गळायला लागतात आणि कारण कुणालाच सापडत नाही.

अंड्याचं कवच जेमतेम ०.३ ते ०.४ मिमी जाडीचं. तरीही ३० अंड्यांचा अख्खा ट्रे एका दमात उचलणारे व्हॅक्यूम लिफ्टर पोल्ट्रीत रुळलेले आहेत. त्याचं श्रेय घड्या असलेल्या मऊ सिलिकॉन कपला. अंडं थोडं वर-खाली किंवा तिरकं असलं तरी कप त्याच्याशी जुळवून घेतो. टोमॅटो, पाव, मोदक अशा प्रत्येक नगागणिक आकार बदलणाऱ्या मालासाठी हवेने फुगणारी सिलिकॉनची बोटं किंवा माशाच्या पराच्या रचनेवर बेतलेली लवचीक बोटं बघावीत. तीच बोटं जड, गुळगुळीत बरणीला मात्र लावू नका, वळणावर ती झुलते. सोलर सेलसारख्या, ०.२ मिमीपेक्षाही पातळ चकतीसाठी बर्नूली ग्रिपर असतो. त्याच्या हवेच्या वेगवान झोतामुळे दाब कमी होतो आणि चकती जवळजवळ स्पर्शाविना तरंगत उचलली जाते.

खाण्याच्या मालाला लागणारे कप आणि बोटं फूड ग्रेडचीच घ्या, आणि शक्यतो निळ्या रंगाची. तुकडा तुटून मालात पडला तर निळा रंग चटकन दिसतो. काचेवर नंतर छपाई किंवा कोटिंग होणार असेल तर सिलिकॉन टाळा. त्याचा डाग डोळ्यांना दिसत नाही, पण शाई तिथे धरत नाही.

आता रोबो

डेल्टा रोबो हलक्या आणि सुट्या नगांसाठी. स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल या संस्थेत रेमों क्लावेल यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार केला तो हलक्या वस्तू भराभर उचलण्यासाठीच. बिस्किटं आणि चॉकलेटच्या लाइनवर तो आजही अव्वल आहे. स्कारा सपाटीवरच्या वेगवान, नेमक्या कामासाठी. जपानमध्ये हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये त्याचा पहिला नमुना मांडला. खोक्यात वरून खोल जायचं असेल तर सहा अक्षांचा रोबो किंवा कोबो (माणसांच्या शेजारी काम करण्यासाठी बनवलेला रोबो) घ्यावा.

पेलोड मोजताना ग्रिपर विसरू नका. चार बरण्यांचे ३ किलो आणि चार कपांच्या ग्रिपरचे, ब्रॅकेट-नळ्यांसकट, २ किलो धरले की ५ किलोचा कोबो मर्यादेवर आला. त्याच्या वरचा, दहा किलोच्या आसपासचा घ्या.

सगळा खेळ शेवटच्या काही मिलिमीटरांचा

आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५०० मिमी प्रति सेकंदाऐवजी ५० ने टेकवलं तर धक्क्याची ऊर्जा शंभरपटीने कमी होते. त्यामुळे सगळी हालचाल मंद करायची गरज नसते. मोकळ्या हवेत रोबो वेगाने जाऊ द्या आणि स्पर्शाच्या थोडं आधी आवरा.

सोडण्याकडे तर कुणी लक्षच देत नाही. प्रोग्राम लिहिणारा ‘खोक्याला लागू नये’ म्हणून १० मिमी वर व्हॅक्यूम सोडतो. १० मिमीवरून पडलेली बरणी ४४० मिमी प्रति सेकंदाने तळाला लागते. टीच मोडमध्ये, म्हणजे रोबोला हालचाल शिकवताना, त्याच्या वेगाला २५० मिमी प्रति सेकंदाची मर्यादा असते, आणि ती माणसाच्या सुरक्षेसाठी आहे. म्हणजे ही बरणी त्या मर्यादेच्याही पुढच्या वेगाने आपटते आहे. १ मिमीवर सोडली तर वेग १४० वर येतो. टेकवून सोडली तर प्रश्नच संपतो. टेकल्याचं कळण्यासाठी कपला स्प्रिंगची दांडी लावा किंवा मनगटावर फोर्स सेन्सर बसवा. व्हॅक्यूम तोडायला फुंकर देत असाल तर ती हलकी ठेवा, जोराची फुंकर हलक्या नगाला ढकलते.

आता वेळेचं गणित. मिनिटाला २० बरण्या आणि एकावेळी एकच उचलायची असेल तर प्रत्येकीला ३ सेकंद मिळतात. शेवटचे २० मिमी ५० च्या वेगाने जायला ०.४ सेकंद लागतात. उचलताना आणि ठेवताना मिळून ०.८, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ. अशा वेळी उत्पादनवाले वेग वाढवायला लावणारच. त्याऐवजी चार-चार उचला. एका फेरीला १२ सेकंद मिळतात आणि ते ०.८ सेकंद कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. वेळ हवा असेल तर तो असा मिळवा, बरणीच्या अंगावरून काढू नका.

प्रोग्राममध्ये एस-कर्व्ह हालचाल निवडा, म्हणजे त्वरण एकदम न लागता चढत जातं. पातळ पाक असलेल्या बरण्यांत द्रव हिंदकळतो, तिथे हे विशेष जाणवतं. वळणावर रोबोला थांबवू नका, कोपरे गोलाईने कापू द्या.

काच कॅमेऱ्याला नीट दिसत नाही

पारदर्शक बरणीतून प्रकाश आरपार जातो किंवा वाकतो, त्यामुळे थ्रीडी कॅमेरा तिची खोली चुकीची सांगतो. मागून प्रकाश देऊन साध्या कॅमेऱ्याने बाह्यरेषा घेणं किंवा रंगीत झाकण शोधणं जास्त खात्रीचं. त्याहून चांगलं म्हणजे कॅमेऱ्याची गरजच पडू न देणं: टायमिंग स्क्रू (आट्यांचा फिरता दंड) किंवा स्टार व्हीलने (खाचांच्या चाकाने) बरण्या ठरावीक अंतरावर आणून उभ्या करा. बाटलीच्या लाइनवरच्या माणसांना ही साधनं हातची आहेत.

खोक्याच्या बाजूला गाइड फनेल लावा. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या जाळ्या दमट होऊन कलतात आणि बरणी खणाच्या भिंतीवर उतरते. पुठ्ठा कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. कॉम्प्रेसरच्या लाइनमध्येही याच दिवसांत पाणी येतं, म्हणून ड्रायर आणि एफआरएलकडे (हवा गाळणारा आणि तिचा दाब नेमका ठेवणारा संच) जास्त लक्ष द्या.

माणूस आणि फुटलेली काच

कोबो म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समज घातक आहे. रोबोंच्या सुरक्षेच्या आयएसओ १०२१८ या मानकाप्रमाणे जोखीम तपासायची असते ती रोबो, ग्रिपर आणि हातातला माल या सगळ्यांची मिळून. माणसाला लागल्यावर थांबणारा हात ठीक, पण त्या हातात फुटलेली बरणी असेल तर काय? डोक्याच्या उंचीवरून बरण्या नेऊ नका आणि समोर पारदर्शक पत्र्याचं कुंपण ठेवा.

उघड्या तोंडाच्या बरण्यांवरून रोबोचा मार्ग कधीही जाऊ देऊ नका. भरण्याच्या जागेजवळ बरणी फुटली तर लाइन थांबवायची, आजूबाजूच्या उघड्या बरण्या मालासकट टाकून द्यायच्या, जागा धुवायची आणि सुपरवायझरने सही केल्यावरच लाइन सुरू करायची. ही पद्धत लिहून भिंतीवर लावा. ग्रिपरच्या पॅडांत रुतलेले काचेचे कण तपासणं हीसुद्धा तिच्यातली एक ओळ असू द्या. ते राहिले तर पुढच्या प्रत्येक बरणीला ओरखडा काढतात.

स्वीकारण्याआधीची चाचणी

पुरवठादार तुमच्यासमोर ५० बरण्या न फोडता भरून दाखवेल. त्यावर सही करू नका. एकही न फुटता ‘क’ नग गेले, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तुटफुटीचं प्रमाण ३ भागिले ‘क’ पेक्षा जास्त नाही. ५० नगांवरून तुम्हाला फक्त ६ टक्क्यांखाली असल्याची हमी मिळते. हजारात एकीपेक्षा कमी हवी असेल तर ३,००० बरण्या सलग निर्दोष जायला हव्यात. हा आकडा खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा. बरण्या दोन वेगळ्या लॉटच्या घ्या, त्यांत काही मुद्दाम ओल्या ठेवा आणि मधे दोनदा वीज तोडून पाहा. बाहेरून धड दिसणाऱ्या काही बरण्या चाचणीनंतर टॉर्चखाली तपासा. नवा ओरखडा दिसला तर चाचणी नापास.

रोजचं काम

कप झिजतात, कडा कडक होतात आणि निर्वात यायला लागणारा वेळ हळूहळू वाढतो. तो वेळ पीएलसीवर (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) दिसेल असं करून घ्या. नव्या कपला लागणारा वेळ लिहून ठेवा आणि तो दीडपट झाला की गळायची वाट न पाहता कप बदला. कप आणि पॅडांचा एक पूर्ण संच लाइनजवळच्या कपाटात असलाच पाहिजे.

ज्या ताई आतापर्यंत हाताने भरत होत्या, त्यांच्यातल्याच एक-दोघींना रोबो चालवायला शिकवा. नुसतं सुरू-बंद नव्हे, टेकण्याची उंची आणि शेवटचा वेग बदलणंही, पासवर्डसकट. बरणी टेकल्याचा आवाज बदलला की तो सगळ्यात आधी त्यांच्याच कानाला कळतो. असा आवाज आला की लाइन थांबवायचा अधिकार त्यांना लेखी द्या, आणि त्या शिफ्टच्या उत्पादनाच्या आकड्यासाठी त्यांना जबाबदार धरू नका.